१७१ मिनिटांत न सापडणारा मोबाइल

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २५ फेब्रुवारी २०२५ रोजी वेळ-वापर सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर केले. त्यातला एक आकडा बातमीदारांना लगेच आवडला. 'संस्कृती, फुरसत, जनमाध्यमे आणि क्रीडा' या लांबलचक नावाच्या गटात सहा वर्षांवरील भारतीय माणूस दिवसाची १७१ मिनिटे घालवतो. पुरुष १७७, स्त्रिया १६४. २०१९ मध्ये या गटाकडे दिवसाचा ९.९ टक्के हिस्सा जात होता, तो २०२४ मध्ये ११ टक्के झाला. यावर दोन प्रकारची भाष्ये झाली. देश मोबाइलच्या आहारी गेला, असे एकांचे म्हणणे. हाती पैसा आला म्हणून माणसांना जरा उसंत मिळू लागली, असे दुसऱ्यांचे. दोन्ही बाजूंनी या आकड्यावर त्याला न पेलणारे ओझे टाकले आहे. मोबाइल लोकांचा किती वेळ खातो, हे या १७१ मिनिटांत लिहिलेलेच नाही. गेल्या दहा वर्षांत भारतीय माणसाच्या दिवसात झालेला सर्वांत मोठा बदल आपले सर्वांत मोठे वेळ-सर्वेक्षण नीट पकडू शकत नाही, आणि पुढच्या फेरीआधी ते दुरुस्त करता येण्यासारखे आहे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

दोष दाखवण्याआधी या सर्वेक्षणाचे मोल सांगायला हवे, कारण त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. २०२४ च्या फेरीत १,३९,४८७ कुटुंबांतल्या ४,५४,१९२ व्यक्तींच्या दिवसाची नोंद झाली. पद्धत वरवर साधी दिसते. आदल्या दिवशी पहाटे चारपासून मुलाखतीच्या दिवशी पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटींत मांडायचे आणि प्रत्येक चौकटीत माणूस काय करत होता ते विचारायचे. दहा मिनिटे किंवा त्याहून जास्त चाललेली कृती नोंदवायची, एका चौकटीत जास्तीत जास्त तीन. मग संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या वर्गीकरणाप्रमाणे ती नऊ मोठ्या गटांत टाकायची: रोजगार, घरच्या वापरासाठी केलेले उत्पादन, बिनमोल घरकाम, बिनमोल देखभाल, स्वयंसेवा, शिक्षण, गाठीभेटी आणि धार्मिक कार्ये, फुरसत आणि माध्यमे, आणि झोप-जेवण-अंघोळ अशी स्वतःची निगा. पगाराच्या कामापलीकडे माणसाचा जो दिवस उरतो, त्याचा देशव्यापी हिशेब इतक्या तपशिलात दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

या हिशेबाची ताकद घरकामाच्या आकड्यांत दिसते. २०१९ च्या पहिल्या देशव्यापी फेरीत विचारलेल्या दिवशी ८१.२ टक्के स्त्रियांनी बिनमोल घरकाम केले होते आणि २६.१ टक्के पुरुषांनी. काम करणाऱ्या बाईची त्यात सरासरी २९९ मिनिटे गेली, काम करणाऱ्या पुरुषाची ९७. या दोन आकड्यांवरून पुष्कळांनी 'एकास तीन' असे प्रमाण सांगितले. ते चूक होते, कारण ९७ मिनिटे ही घरात हात लावणाऱ्या थोड्या पुरुषांची सरासरी आहे. सगळ्या पुरुषांवर ती वाटली तर जेमतेम २५ मिनिटे निघतात आणि सगळ्या स्त्रियांवर त्यांची मिनिटे वाटली तर सुमारे २४३. म्हणजे प्रमाण एकास जवळजवळ दहा. २०२४ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रीची मिनिटे २९९ वरून २८९ वर आली, तेव्हा 'पुरुष हातभार लावू लागले' असेही लिहिले गेले. त्याच तक्त्यात पुरुषांची मिनिटे ९७ वरून ८८ वर उतरली होती, ती वाचायची राहिली असावीत. वेळेची आकडेवारी वाचताना सरासरी कुणाची, करणाऱ्याची की सगळ्यांची, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. पुढेही तोच कामी येईल.

आता फुरसतीच्या आकड्याला हीच कसोटी लावून पाहू. १७१ मिनिटे ही त्या दिवशी अशी एखादी कृती केलेल्या व्यक्तींची सरासरी आहे. २०१९ मध्ये ती १६५ होती. म्हणजे वाढ सहा मिनिटांची. पण दिवसाच्या हिश्शाचा आकडा सगळ्या लोकसंख्येवर काढलेला असतो. १,४४० मिनिटांच्या ९.९ टक्के म्हणजे सुमारे १४३ मिनिटे आणि ११ टक्के म्हणजे सुमारे १५८. इथे वाढ पंधरा मिनिटांची दिसते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांचा मेळ एकाच रीतीने बसतो: ज्यांच्या दिवसात २०१९ मध्ये अशी कृती नोंदलीच गेली नव्हती, त्यांच्यातले बरेच जण आता नोंदीत आले. भागाकार केला तर सहभागाचे प्रमाण ८६-८७ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांच्या पुढे गेलेले दिसते. वाढीचा मोठा भाग, म्हणजे, आधीच फुरसत असलेल्यांची फुरसत लांबल्यामुळे झालेला नाही. 'देश व्यसनी झाला' या चित्राशी हे जुळत नाही. व्यसन म्हटले की करणाऱ्याचा वेळ फुगायला हवा, आणि तो इथे सहाच मिनिटांनी फुगला आहे.

स्त्री-पुरुष असे वेगळे पाहिले तर आणखी एक गोष्ट समोर येते आणि तिच्यावर मात्र फार कुणी बोलले नाही. २०१९ मध्ये या गटातली पुरुषांची मिनिटे १६४ होती आणि स्त्रियांची १६५, जवळपास बरोबरी. २०२४ मध्ये पुरुष १७७ वर गेले, स्त्रिया १६४ वर राहिल्या. घरकामात तिची दहा मिनिटे वाचली असतील, पण ती या रकान्यात आलेली दिसत नाहीत. १५ ते ५९ वयोगटात रोजगाराशी संबंधित कामात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण याच काळात २१.८ टक्क्यांवरून २५ टक्के झाले. त्याच वयोगटात घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रीची त्यात १४० मिनिटे जातात आणि पुरुषाची ७४. तेव्हा वाचलेल्या वेळाला वाटा होत्याच. पण 'फुरसत वाढली' हे वाक्य लिहिताना ती कुणाची वाढली हे सांगितले नाही, तर अर्धा अर्थ हरवतो.

इथवर सर्वेक्षणाच्या आकड्यांनी आपल्याला साथ दिली. अडचण यापुढे आहे. या गटात काय काय येते ते पाहा. मालिका पाहणे, क्रिकेटचा सामना पाहणे, रेडिओ ऐकणे, पेपर वाचणे, क्रिकेट खेळणे, पेटी वाजवणे, नाटकाला जाणे आणि ओट्यावर नुसते टेकून बसणेही. विश्रांती आणि माध्यमे एकाच मोठ्या गटात आहेत. उपगटांत ती वेगळी होतात हे खरे, पण मथळे मोठ्या गटावर बेततात. मुख्य अडचण मात्र गटाच्या रुंदीची नसून वर्गीकरणाच्या तत्त्वाची आहे. कृतीचा गट ठरतो तिच्या हेतूवरून, साधनावरून नाही. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. सुरी कुणाच्या हातात आहे यापेक्षा ती भाजीवर चालते की दुकानातल्या मालावर, हे महत्त्वाचे. दूरचित्रवाणीच्या काळात या तत्त्वाने काही बिघडत नव्हते, कारण टीव्ही दिवाणखान्यात असायचा, कार्यक्रमाला वेळ असायची आणि समोर बसलेला माणूस टीव्ही पाहत असायचा. साधन, हेतू आणि वेळ एकाच ठिकाणी सापडत होती. मोबाइलने ही सांगड सोडवली. त्यावर मैत्रिणीशी गप्पा मारल्या तर ती नोंद गाठीभेटींच्या गटात, शिकवणीचे व्याख्यान पाहिले तर शिक्षणात, गिऱ्हाइकाची ऑर्डर घेतली तर रोजगारात, विजेचे बिल भरले तर घरकामात आणि मालिका पाहिली तर माध्यमांत जाते. एकच वस्तू पाच गटांत विखुरते आणि पाचांपैकी कुठल्याही गटाच्या बेरजेत ती दिसत नाही.

ती वस्तू किती वापरली जाते याचा एक अंदाज दूरसंचार क्षेत्राच्या आकड्यांतून येतो. मार्च २०१४ मध्ये एक ग्राहक महिन्याला सरासरी ६२ एमबीच्या आसपास डेटा वापरत होता. डिसेंबर २०२३ मध्ये हे प्रमाण १८ जीबीच्या वर गेले. दहा वर्षांच्या आत सुमारे तीनशे पट. डेटा म्हणजे वेळ नव्हे, हे मान्य. चित्रफितीची प्रत वाढली तरी डेटा वाढतो, आणि २०१६ नंतर तो स्वस्त झाला म्हणून हात सैल सुटले. पण इतक्या मोठ्या बदलाच्या शेजारी फुरसत-माध्यम गटातली पंधरा मिनिटांची वाढ ठेवली तर विचारावेसे वाटतेच: बाकीचा वापर दिवसाच्या कुठल्या भागात बसला? काही इतर गटांत गेला, हे वर आलेच. काही कामाच्या, प्रवासाच्या, जेवणाच्या वेळेवर चढून बसला. आणि बराचसा दहा मिनिटांच्या चाळणीतून खाली गळला. बसची वाट पाहताना चार मिनिटे, दूध उतू जाईपर्यंत तीन, दोन तासिकांच्या मध्ये पाच, झोपेतून उठल्यावर उगीच सात. अशा तुकड्यांची दिवसाची बेरीज तास-दीड तास झाली, तरी अर्ध्या तासाच्या चौकटीत ती कृती म्हणून उभी राहत नाही. ही चाळणी बसवली तेव्हा तिच्यातून गळत होते ते खरोखर किरकोळच होते. आज गळते ते किरकोळ आहे, असे मोजल्याशिवाय कसे म्हणावे?

एकाच वेळी होणाऱ्या दोन कृतींचा पेच याहून खोल आहे, आणि त्याचा भार स्त्रियांच्या बाजूला जास्त आहे. सर्वेक्षणात एका वेळी चाललेल्या कृतींची नोंद होते आणि त्यांतली मुख्य कोणती हेही विचारले जाते. परंतु दिवसाची बेरीज चोवीस तासच यायची असल्याने, एक तर दुय्यम कृती सोडावी लागते किंवा वेळ दोघींत वाटावा लागतो. रात्री आठच्या सुमारास मेथी निवडता निवडता मालिका पाहणाऱ्या बाईचा अर्धा तास कुठे जाईल? 'काय करत होता?' या प्रश्नाला ती बहुधा 'भाजी निवडत होते' असेच म्हणेल, कारण विचारणाऱ्यापुढे काम सांगण्याची तिला सवय आहे. शेजारी पाय पसरून तीच मालिका पाहणारा पुरुष 'टीव्ही पाहत होतो' म्हणेल आणि खरेच सांगेल. त्याची मिनिटे १७७ मध्ये जमा होतात. तिची घरकामात जातात, किंवा निम्मी इकडे, निम्मी तिकडे. मराठी वाहिन्यांचा संध्याकाळचा सगळा व्यवहार ज्या प्रेक्षकवर्गावर उभा आहे, तो राष्ट्रीय आकडेवारीत अर्धवटच प्रेक्षक ठरतो.

म्हणून १७७ आणि १६४ यांतले तेरा मिनिटांचे अंतर दोन वेगळ्या अर्थांनी फसवे असू शकते, आणि गंमत म्हणजे उलट दिशांनी. पडद्याशी आलेला एकूण संबंध मोजायचा तर स्त्रियांचा माध्यमवापर या आकड्यापेक्षा बराच जास्त निघेल. हात मोकळे असलेली, कुणी मध्येच हाक मारणार नाही अशी फुरसत मोजायची तर तिची मिनिटे १६४ पेक्षा बरीच कमी निघतील. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हाच भेद दाखवला होता: एकूण फुरसत मोजली तर स्त्री-पुरुषांत फारसा फरक नाही, पण अखंड आणि निर्भेळ फुरसत मोजली की पुरुष पुढे जातात, कारण स्त्रियांची फुरसत मुलांनी आणि कामांनी तुकडे केलेली असते. तो अभ्यास करता आला, कारण त्यांच्याकडच्या नोंदींत दुय्यम कृतीला स्वतंत्र जागा होती.

यावर एक साधा प्रश्न येतो. माध्यमांचा वापर मोजायला बाकीच्या यंत्रणा आहेत की, सरकारी सर्वेक्षणाला हा उपद्व्याप कशाला? यंत्रणा आहेत हे खरे. टीव्हीसाठी 'बार्क'चे टीआरपी आहेत. देशात टीव्ही असलेली वीस कोटींहून अधिक घरे आणि मापनयंत्र बसवलेली पन्नास-साठ हजार. त्या मोजणीवर काय बेतले हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी फुगवल्याचा आरोप केला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले. वृत्तपत्रांसाठी भारतीय वाचक सर्वेक्षण होते. त्याच्या २०१९ च्या फेरीचे शेवटचे आकडे २०२० मध्ये आले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे ते रखडले. मोबाइलचा हिशेब ॲपवाल्या कंपन्यांकडे सेकंदांत आहे, पण तो त्यांच्या तिजोरीत. या तिन्ही यंत्रणांचा जन्म जाहिरातीचा दर ठरवण्यासाठी झाला आहे. कार्यक्रमाला किती डोळे मिळाले, हा त्यांचा प्रश्न. ते डोळे तिथे लागले म्हणून दिवसातले काय मागे पडले, झोप की अभ्यास की शेजाऱ्याशी बोलणे, हे विचारण्याची त्यांना गरज नाही. दिवस अख्खा मांडून पाहणारे साधन एकच आहे आणि ते जनतेच्या पैशाने चालते. (वृत्तपत्रांनी याची मागणी करण्यात थोडा स्वार्थही आहे, तो लपवू नये. आपला वाचक कागदावर किती वेळ असतो आणि पडद्यावर किती, हे आम्हालाही नीट माहीत नाही.)

शिवाय कंपनीचा आकडा फोनचा असतो, माणसाचा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरत असलेला मोबाइल जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे होता. इंटरनेट कधी तरी वापरल्याचे ५७.१ टक्के पुरुषांनी सांगितले आणि ३३.३ टक्के स्त्रियांनी. ग्रामीण भागातल्या मुलांविषयीच्या 'असर' २०२४ अहवालात १४ ते १६ वयोगटातल्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. पण चालवता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ३६.२ टक्के मुलांकडे आणि २६.९ टक्के मुलींकडे होता. याचा अर्थ एक फोन घरातल्या तीन-चार हातांतून फिरतो. दुपारी आई, संध्याकाळी मुलगी, रात्री वडील. कंपनीच्या सर्व्हरवर हा एकच उत्साही ग्राहक असतो. भारतात फोनचा हिशेब माणसागणिक लावायचा तर माणसाला विचारण्यावाचून गत्यंतर नाही, आणि घरातल्या सहा वर्षांवरील प्रत्येकाला विचारणारे सर्वेक्षण आपल्याकडे तयार आहे.

परदेशांचे दाखले देताना थोडे सावध राहावे. जपानची सार्वजनिक प्रसारणसंस्था एनएचके १९६० पासून दर पाच वर्षांनी लोकांच्या दिवसाची पाहणी करते आहे. म्हणूनच २०२० मध्ये विशीतल्या तरुणांपैकी जेमतेम निम्मे एखाद्या दिवशी टीव्ही पाहतात, ही पडझड तिला साठ वर्षांच्या रांगेत ठेवून दाखवता आली. अमेरिकेचे सर्वेक्षण २००३ पासून दरवर्षी होते. पण तेही बव्हंशी मुख्य कृतीच नोंदवते. मुलांकडे लक्ष ठेवणे हा त्यातला अपवाद. त्यामुळे टीव्हीचा त्यांचा आकडा भक्कम आहे आणि फोनच्या बाबतीत त्यांचाही हात तोकडाच पडतो. उपयोगी उदाहरण ब्रिटनच्या २०१४-१५ च्या सर्वेक्षणाचे आहे. त्यात दिवस दहा-दहा मिनिटांच्या ओळींत मांडला होता आणि प्रत्येक ओळीसमोर मुख्य कृती, सोबत चाललेली दुसरी कृती आणि 'स्मार्टफोन, टॅब्लेट किंवा संगणक वापरत होता का' असे वेगवेगळे रकाने होते. शेवटच्या रकान्यात फक्त खूण करायची. जेवताना फोन, मुलाला खेळवताना फोन, मालिका पाहताना फोन, हे त्या एका खुणेने दिसू लागले. कृती हेतूवरून आणि साधन खुणेवरून, अशी वाटणी केली की वर्गीकरणाचे तत्त्व मोडावे लागत नाही.

हे आपल्याकडे जसेच्या तसे चालणार नाही. ब्रिटनमध्ये माणसे स्वतः रोजनिशी भरतात. आपल्याकडे प्रगणक घरी येतो, सगळ्यांना एकामागून एक विचारतो. ४८ चौकटी भरता भरता घरातली माणसे आणि तो, दोघेही थकतात. त्यात आणखी रकाने घातले तर उत्तरांची प्रत खालावेल आणि घरकामाचे आकडे, जे आज नीट मिळतात, तेही बिघडतील. सर्वेक्षण मुळात बिनमोल कामासाठी आहे, त्यावर मोबाइलचे ओझे नको, असे जाणकार म्हणतील. आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला थकव्याचा भाग मान्य करायलाच हवा. म्हणून सगळ्या साडेचार लाख माणसांना नवे रकाने लावू नयेत. नमुन्याचा एक भाग वेगळा काढावा, त्यातही दिवसातल्या प्रत्येक अर्ध्या तासासमोर 'फोन हातात होता का' एवढीच खूण घ्यावी, आणि दहा मिनिटांची अट तेवढ्यापुरती उठवावी. पण बिनमोल काम एकीकडे आणि मोबाइल दुसरीकडे, ही वाटणी मला पटत नाही. ते काम आता फोनवर सरकले आहे. शाळेच्या गटावर आलेला गृहपाठ उतरवून घेणे, गॅसची नोंदणी, विजेचे बिल, शिधापत्रिकेची पडताळणी ही सगळी कामे पडद्यावर होतात. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २०२४ मध्ये आली तेव्हा किती घरांत अर्ज भरणे हे अनेक दिवसांचे फोनकाम झाले होते, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ही कामे पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत होतात, चाळणीतून गळतात आणि मग घरकामाची मिनिटे २९९ वरून २८९ वर आली म्हणून आपण समाधान मानतो. ती दहा मिनिटे कमी झाली की नुसती न दिसणारी झाली, हे आजच्या नमुन्यावरून सांगता येत नाही. बिनमोल काम नीट मोजायचे असेल तरी फोनचा रकाना लागतोच.

दुसरा आक्षेप आठवणीचा. फोन किती वेळ हातात होता हे माणसाला सांगता येत नाही. जो कमी वापरतो तो जास्त सांगतो, जो जास्त वापरतो तो कमी. खरे आहे. पण अर्ध्या तासागणिक खूण करण्याच्या पद्धतीत 'एकूण किती' हा प्रश्नच येत नाही. 'तेव्हा काय चालले होते' एवढेच आठवायचे असते, आणि हे आठवणे झोप-जेवणाच्या नोंदींतही लागतेच. शिवाय चूक दर फेरीत साधारण एकाच दिशेची असेल, तर एकाच फेरीचा आकडा कच्चा असला तरी दोन फेऱ्यांतला फरक उपयोगी ठरतो. मला खरी अवघड वाटते ती निराळीच गोष्ट. सतरा वर्षांची मुलगी वडील आणि भाऊ समोर बसले असताना रात्री साडेअकराला फोन हातात होता असे सांगेल का? अनेक घरांत नाही सांगणार. तिच्या बाबतीत चूक एका बाजूने आणि मोठी होईल, आणि 'मुली फोन कमी वापरतात' असा निष्कर्ष अधिकृत शिक्क्यासह बाहेर पडेल. यावर उपाय आहे पण स्वस्त नाही: तरुण मुलींच्या मुलाखती वेगळ्या, स्त्री प्रगणकाने घेतलेल्या हव्यात. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसाचाराविषयीचे प्रश्न असे एकांतात विचारण्याची रीत आहेच. तेवढा खर्च करायची तयारी नसेल तर या वयोगटाचे फोनचे आकडे प्रसिद्धच न करणे बरे.

खासगीपणाची शंकाही येईल. सरकारने माणसाच्या फोनमध्ये का डोकवावे? डोकवू नयेच. काय पाहिले, कुणाशी बोलले, कुठल्या ॲपवर, यांपैकी काहीही विचारण्याचे कारण नाही. हातात होता की नव्हता, एवढेच. सांख्यिकी संकलनाचा २००८ चा कायदा गोळा केलेली वैयक्तिक माहिती आकडेवारीखेरीज अन्य कामाला वापरू देत नाही. त्या चौकटीत राहून अर्ध्या तासासमोरची एक खूण जमा होते. त्याच माणसाविषयी सेकंदासेकंदाची माहिती खासगी कंपन्यांकडे आधीच साठलेली असताना सार्वजनिक हिताच्या मोजणीपुढेच खासगीपणाची भिंत उभी करणे मात्र चमत्कारिक वाटते. शाळेतल्या मुलांच्या फोनबंदीवर आज राज्याराज्यांत वाद होतात. 'असर'च्या त्याच पाहणीत स्मार्टफोन चालवता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. किती वेळ, अभ्यासाऐवजी की खेळाऐवजी की झोपेऐवजी, हे कळत नसताना बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही अंदाजावर भांडत आहेत.

२०१९ आणि २०२४ यांतले अंतर कायम राहिले तर पुढची फेरी २०२९ मध्ये पडेल. नमुना ठरवणे, त्याची चाचणी आणि प्रगणकांचे प्रशिक्षण यांना दोन वर्षे सहज लागतात, त्यामुळे रकान्याविषयीचा निर्णय त्याआधी बराच लवकर व्हायला हवा. १९९८-९९ मध्ये देशातला पहिला प्रायोगिक वेळ-वापर अभ्यास झाला, तेव्हा हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा, तामिळनाडू आणि मेघालय अशी सहा राज्ये निवडली होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. या खेपेला चाचणीसाठी महाराष्ट्राने स्वतःहून पुढे यावे. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय राष्ट्रीय नमुना पाहण्यांत आजवर भाग घेत आले आहे, मनुष्यबळ आणि अनुभव त्याच्याकडे आहे. काही हजार कुटुंबे पुरतील, पण ती नीट निवडलेली हवीत. कर्जत-कसाऱ्याहून लोकलने येणारे प्रवासी हवेत, कारण त्यांचा रोजचा दोन-तीन तासांचा प्रवास आणि फोन एकमेकांवर चढलेले आहेत. चार माणसांत एक फोन असलेली नंदुरबार-गडचिरोलीतली घरे हवीत. ऊसतोडीला गेलेली बीडची कुटुंबेही हवीत, हंगामात फडावर आणि हंगामानंतर गावी, अशी दोनदा. खूण करण्याची पद्धत दोनशे घरांत चालते की नाही हे आधी पाहावे, आणि चालत नसेल तर तसे अहवालात छापावे.